शिकारीचे सामान आणि बिगारीची माणसे

इतिहास कोणी लिहिला, हा प्रश्न आपल्या चळवळीने पुष्कळदा विचारला आणि तो विचारणे आवश्यकच होते. पण त्याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा एक प्रश्न आहे. इतिहासात काय मोजले गेले आणि काय मोजायचे राहून गेले? राजाच्या तोफा मोजल्या जातात, हत्ती मोजले जातात, मेजवानीतली ताटे मोजली जातात. ती तोफ ओढणारा, हत्तीची लीद काढणारा आणि ताटे उचलणारा मात्र मोजला जात नाही. हे राहून जाणे अपघाताने घडत नाही. ज्याच्या श्रमाला मोल द्यायचे नसते, त्याची नोंद ठेवण्याचे कारणही उरत नाही. मजुरी दिली की वहीत नाव येते. मजुरीच नसेल तर नाव कशाला?

हा मुद्दा एका लहानशा विषयावरून तपासावा असे मला वाटते. विषय आहे पाणपक्ष्यांच्या शिकारीचा, आणि त्यातही त्या शिकारीसाठी बांधल्या जाणाऱ्या सामानाचा. वाचकांना तो क्षुल्लक वाटेल. बदके मारणाऱ्या साहेबांच्या पेट्यांशी आपल्याला काय करायचे आहे, असेही कोणी म्हणेल. त्यांना एवढेच सांगतो की त्या पेट्या उचलणारे आपले लोक होते.

१

राजस्थानातील भरतपूर संस्थानात केवलादेव घाना नावाचा पाणथळ प्रदेश आहे. सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटरचा हा खोलगट भाग. अठराव्या शतकात सुरजमल जाटाच्या काळात अजान बांध घातला गेला आणि पुराचे पाणी या भागात खेळू लागले. पुढे विसाव्या शतकाच्या तोंडावर बांध, पाट आणि दरवाजे यांची नवी रचना करून हा प्रदेश मुद्दाम बदकांच्या शिकारीसाठी तयार करण्यात आला. मोरवीचे राजपुत्र हरभामजी यांचा या कामात पुढाकार होता. हिवाळ्यात मध्य आशिया आणि सैबेरियाकडून हजारो मैल उडत येणारी बदके या पाण्यावर उतरत. शेतीला पाणी पुरवणारे तळे आपल्या देशात जुनेच आहे. इथे पाणी बंदुकीसाठी साठवले गेले.

काळ लक्षात घ्यावा. १८९९-१९०० चा दुष्काळ राजपुतान्यात 'छप्पन्या' म्हणून ओळखला जातो, कारण तो संवत १९५६ मध्ये पडला. माणसे आणि जनावरे रस्त्यारस्त्यावर मेली. १९०० साली भरतपूरचे महाराजा रामसिंह यांना आपल्याच एका नोकराची हत्या केल्याबद्दल गादीवरून दूर करण्यात आले. गादीवर बसलेला वारस तान्हा होता, म्हणून कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १ डिसेंबर १९०२ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या सन्मानार्थ घान्यातील पहिली मोठी शिकार झाली. सतरा बंदुका आणि पाचशे चाळीस पक्षी.

हे आकडे मी कुठून घेतले? ते दगडावर कोरलेले आहेत. केवलादेवाच्या देवळाजवळ आजही शिलाफलक उभे आहेत. त्यांवर तारीख, पाहुण्याचे नाव, बंदुकांची संख्या आणि मारलेल्या पक्ष्यांची संख्या असे रकाने आहेत. वर्षामागून वर्ष, शिकारीमागून शिकार. १९१६ साली लॉर्ड चेम्सफर्ड यांच्यासाठी झालेल्या शिकारीत चार हजारांवर पक्षी पडले. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एकोणचाळीस बंदुका होत्या आणि मारलेले पक्षी होते ४,२७३. एका दिवसात, एका ठिकाणी, दर बंदुकीमागे सुमारे एकशे दहा पक्षी.

फलकावर बंदुकांचा रकाना आहे आणि पक्ष्यांचा रकाना आहे. तिसरा रकाना नाही.

२

आता सामानाकडे वळू.

पाणपक्ष्यांच्या शिकारीला निघालेला साहेब काय काय बरोबर घेई? त्या काळच्या शिकारीच्या आणि घरसंसाराच्या इंग्रजी पुस्तकांत याच्या तपशीलवार सूचना असत. बारा बोअरच्या दुनळी बंदुकांची जोडी, कारण एक झाडली जात असता दुसरी मागच्या माणसाने भरून तयार ठेवायची. बंदुकीसाठी चामडी पेटी. नळी पुसायचा गज, चिंध्या, तेलाची बाटली. काडतुसे भरलेली, आतून पत्रा लावलेली खोकी, कारण ओल लागली तर काडतूस वाया जाते. छोट्या बदकाला बारीक छर्रा आणि हंसासाठी जाड छर्रा, म्हणून वेगवेगळ्या नंबरांची काडतुसे. मांडीपर्यंतचे बूट, लोकरीचे मोजे, बदलायचे कपडे. बसायला घडीचे स्टूल. दुपारच्या जेवणाच्या टोपल्या, सोडावॉटरच्या बाटल्यांची खोकी, व्हिस्की.

मुक्काम असेल तर याच्या कितीतरी पट. तंबू, कनाती, राहुट्या, सतरंज्या, घडीच्या खाटा, मच्छरदाण्या, कंदील, लिहिण्याचे मेज, पत्र्याचा न्हाणीचा टब. आणि कमोड. कमोड विसरून चालत नसे. तो असला की मेहतरही आलाच. यादीत कमोड वस्तू म्हणून येतो. मेहतर त्याच्याबरोबर येणारच हे गृहीत धरलेले असते.

फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोन इंग्रज बायांनी १८८८ साली हिंदुस्थानातील मडमांसाठी घर चालवण्याचे एक पुस्तक लिहिले. ते बरेच गाजले आणि पुनःपुन्हा छापले गेले. त्यात प्रवासाच्या सामानाची वाटणी उंटागणिक करून दिलेली आहे. पहिल्या उंटावर काय, दुसऱ्यावर काय, कोणत्या पेटीचे वजन कोणत्या पेटीने तोलायचे. मोठी व्यवहारी दृष्टी आहे. उंटाच्या पाठीची काळजीही आहे. उंट मेला तर नुकसान मालकाचे होते. बिगारी मेला तर नुकसान कोणाचे होते? त्याच्या घराचे, आणि त्या घराचा हिशेब कुठल्याही यादीत येत नाही.

या सामानातले चामडे मात्र नजरेआड करता येत नाही. बंदुकीची पेटी, काडतुसांचा पट्टा, बूट, घोड्याचा सरंजाम आणि पाणक्याची पखाल हे सगळे चामड्याचे. मेलेले जनावर ओढणारे, कातडे सोलणारे, कमावणारे आणि शिवणारे हात कोणत्या जातींचे होते, हे सांगण्याची गरज नाही. भरतपूरपासून फार दूर नसलेले आग्रा हे जाटवांच्या जोडेकामाचे मोठे केंद्र. म्हणजे अस्पृश्याने बनवलेल्या वस्तूला साहेबाच्या खांद्यावर जागा होती आणि महाराजांच्या पायांतही होती. बनवणाऱ्याला विहिरीवर नव्हती.

३

यादीतल्या वस्तूंना वजन देऊन पाहू. मी जो हिशेब मांडतो तो माझा आहे. तो कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. पण त्यात जाणूनबुजून आकडे कमीच धरले आहेत.

बारा बोअरची एक हजार काडतुसे साधारण पंचेचाळीस किलो भरतात. १९३८ च्या त्या दिवशी एका पक्ष्यामागे दोनच काडतुसे उडाली असे धरू. उडत्या पक्ष्यावर बंदूक चालवणाऱ्या कोणालाही विचारा, हा नेम फार चांगला म्हणावा लागेल. तरी साडेआठ हजार काडतुसे झाली. वजन पावणेचारशे किलोंच्या वर. एका काडतुसात सुमारे तीस ग्रॅम शिसे असते. म्हणजे अडीचशे किलो शिसे एका दिवसात त्या पाण्यात आणि त्या पक्ष्यांत गेले. शिशाचा छर्रा चिखलात पडून राहतो. पाणपक्षी तो खडे समजून गिळतात आणि विष भिनून मरतात, हे आता शास्त्राने सिद्ध केले आहे. म्हणून अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचा छर्रा देशभर बंद केला आणि युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागांवर त्याला मनाई केली. त्याच चिखलात जी माणसे अनवाणी उतरत होती, त्यांच्या पायांचा विचार त्या काळी कोणी केला असेल असे समजायला जागा नाही.

आता पक्षी. एक पक्षी सरासरी अर्धा किलो धरा. छोटी चक्रांग बदके याहून हलकी असतात, पण बाकीची बहुतेक भारी असतात. ४,२७३ पक्ष्यांचे वजन दोन टनांच्या वर जाते. हे पक्षी आपण होऊन काठाला येत नाहीत. गोळी लागलेला पक्षी पाण्यात पडतो, गवतात अडकतो, जखमी असेल तर बुडी मारून दूर जातो. त्याला शोधावे लागते, पकडावे लागते, मान पिरगाळून आणावे लागते. एका खेपेला एक माणूस दहा पक्षी आणतो असे धरले तरी सव्वाचारशेहून अधिक खेपा होतात. कंबरभर पाण्यातून, बाभळीच्या काट्यांतून, नोव्हेंबर ते जानेवारीच्या थंडीत.

शिवाय पक्षी एकदा बंदुकीचा आवाज ऐकून उडाले की दूर जाऊन बसतात. ते परत बंदुकीसमोरून जावेत म्हणून त्यांना सतत उठवत राहावे लागते. त्यासाठी पाण्यात ठिकठिकाणी माणसे उभी करावी लागतात. वाघाच्या शिकारीत हाकारे लागतात हे सर्वांना ठाऊक आहे. बदकाच्या शिकारीतही माणसे लागतात, आणि ती दिवसभर पाण्यात लागतात.

तर मग फलकावर दोन रकाने असले तरी शिकारीला तिसरा रकाना होताच. एकोणचाळीस बंदुकांच्या मागे किती माणसे होती? शंभर? पाचशे? त्या फलकावरून ते कळत नाही, कधीच कळणार नाही. पक्षी मोजताना कारकून चुकला नाही. चार हजार दोनशे त्र्याहत्तरावा पक्षीसुद्धा त्याने सोडला नाही.

४

ही माणसे कोण होती आणि ती कशी आणली जात, याचा पुरावा मात्र आपल्याजवळ आहे. तो संस्थानी दप्तरात नाही. तो भारताच्या घटना समितीच्या कामकाजात आहे.

राजपुतान्यातील संस्थानांत लागबाग आणि बेगार हे दोन शब्द जोडीने चालत. लागबाग म्हणजे नाना नावांची उकळणी आणि बेगार म्हणजे फुकट राबवून घेणे. बिजोलियाच्या शेतकऱ्यांनी १८९७ पासून या दोन्हींविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला, तो प्रसिद्ध आहे. पण शेतकरी जातींना बेगार ही अधूनमधून येणारी आपत्ती होती. जाटव, रेगर, मेघवाल अशा अस्पृश्य जातींना ती जन्माबरोबर येणारी गोष्ट होती. राजाच्या घरी लग्न असो, पाहुणा येवो, की शिकार निघो, हुकूम गावात येई आणि वस्तीतून माणसे उचलली जात.

१९४७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल आणि बिकानेरचे महाराजा सार्दुलसिंह बदकांच्या शिकारीसाठी भरतपूरला आले. काळ कोणता, पाहा. सत्ता सोडायची की नाही हा प्रश्न संपला होता. ती कधी आणि कोणाच्या हाती सोडायची एवढेच उरले होते. बंगाल आणि बिहारमध्ये रक्त सांडून फार दिवस झाले नव्हते. दिल्लीत घटना समितीचे काम सुरू झाले होते. आणि साम्राज्याचा प्रतिनिधी बंदुकांच्या पेट्या बांधून घान्यात आला होता. या शिकारीच्या निमित्ताने बेगारीविरुद्ध भरतपुरात आंदोलन पेटले. निदर्शने झाली, लाठ्या चालल्या, कार्यकर्ते जखमी झाले, तुरुंगात गेले. ते आंदोलन पुढे संस्थानभर पसरले आणि ५ फेब्रुवारी १९४७ रोजी भुसावर येथे रमेश स्वामी हा तरुण कार्यकर्ता निदर्शने करीत असताना बसखाली चिरडला गेला.

पुढे ३ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुद्याचे सतरावे कलम चर्चेला आले. माणसांचा व्यापार, बेगार आणि तशाच प्रकारची सक्तीची मजुरी यांना बंदी घालणारे हे कलम. त्या दिवशी मत्स्य संघातर्फे आलेले सभासद राज बहादूर बोलायला उभे राहिले. ते भरतपूरचे होते, १९४७ च्या आंदोलनात त्यांनी स्वतः मार खाल्ला होता. संस्थानातील मुक्या आणि दबलेल्या लोकांनी बेगारीपायी काय सोसले, हे सांगताना त्यांनी उदाहरण दिले ते बदकांच्या शिकारीचे. कडाक्याच्या थंडीत लोकांना जबरीने गोळा करून दिवसभर चिखलपाण्यात कसे उभे केले जाई, हे त्यांनी सभागृहाला सांगितले. आपल्या मृत सहकाऱ्याचीही आठवण त्यांनी काढली.

मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. शिलाफलकावर जो रकाना नव्हता तो त्या दिवशी घटना समितीच्या कामकाजात भरला गेला. शिकारीच्या सामानातली जी माणसे पेटीपेक्षाही मुकी समजली गेली होती, त्यांचा उल्लेख या देशाचा कायदा घडवताना झाला. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ते कलम आज राज्यघटनेचे तेविसावे कलम आहे, आणि त्याच्या इंग्रजी पाठातही 'बेगार' हा शब्द तसाच आहे.

५

बाबासाहेबांना बेगार ही राजस्थानातून ऐकायची गोष्ट नव्हती. आपल्याकडे तिचे नाव वेठ. महारकीच्या वतनात ती मुरलेली होती. सरकारी अंमलदार गावी आला की त्याच्या घोड्याला चारा, चुलीला लाकूड, आणि निघाला की त्याचा बोजा पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवणे ही महारांची कामे. माझ्या आजोबांनी ही पाळी केली होती. साहेबाचा बोजा डोक्यावर, काठी हातात, आणि शिवेवर दुसऱ्या गावचा महार येईपर्यंत थांबून राहायचे. त्या बोजात काय असते हे त्यांना कधी कळले नाही; फक्त वजन कळे.

१८७४ च्या मुंबई वतन कायद्याने ही गुलामी कायद्यात बसवली होती. १९२८ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात तो कायदा दुरुस्त करणारे बिल आणले. महारांना ठरावीक वेतन द्या, कामे ठरवून द्या, आणि ज्यांना वतन सोडायचे असेल त्यांना जमिनीसह मोकळे करा, असा त्याचा रोख होता. विरोध इतका झाला की ते बिल मागे घ्यावे लागले. वतन नष्ट करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले. बाबासाहेब तोवर गेले होते. त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने मोडली आणि १९२० साली वेठबिगार बंद केली. शाहू महाराज स्वतः शिकारीचे मोठे षोकी होते, हे इथे मुद्दाम सांगतो. शिकार हवी तर माणसे वेठीला धरलीच पाहिजेत असे नव्हते. ज्याला मोडायचे होते त्याने मोडून दाखवले.

आपल्या भाषेतही वेठ उरलेली आहे. मन लावून न केलेल्या कामाला आपण 'वेठ वळली' म्हणतो. मुलाने अक्षर खराब काढले की मास्तर म्हणतात, वेठ मारल्यासारखे लिहू नकोस. ज्याला फुकट राबवले त्याने काम जीव ओतून केले नाही, हा दोष भाषेने त्याच्याच पदरात टाकला. राबवणाऱ्याच्या नावाने मात्र म्हण झाली नाही. नगरपालिकांच्या आस्थापनेवर 'बिगारी' हे पदाचे नाव होऊन बसले, आणि त्या शब्दाचा अर्थ फुकट राबणारा असा होता हे कोणाला खुपले नाही. शिक्षकांनी हे शब्द शिकवताना एवढे तरी सांगावे.

६

शिकारीचे आणखी एक सामान होते. तेही मांडले पाहिजे, नाहीतर चित्र अपुरे राहील.

आपल्याकडचा फासेपारधी शिकारीला निघाला की त्याचे सगळे सामान एका खांद्यावर मावे. घोड्याच्या केसांचे फासे, बांबूच्या काड्या, एखादी झोळी, आणि आडोशाला शिकवलेली गाय. तितर आणि लावा यांचा माग काढायला त्याला कोणाचा बोजा कोणाच्या डोक्यावर द्यावा लागत नव्हता. उत्तर हिंदुस्थानात पाणपक्षी धरणारे डोक्यावर मडके घालून गळाभर पाण्यात शिरत आणि बदकांचे पाय खालून ओढत. या माणसांना पक्ष्यांची जी ओळख होती ती पोटाने शिकवलेली होती. बिहारातले मीरशिकार हे असेच पक्षी पकडणारे. मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीने डॉ. सालिम अलींच्या नेतृत्वाखाली भरतपुरात पक्ष्यांच्या पायात कड्या घालून त्यांचे स्थलांतर अभ्यासायला घेतले, तेव्हा जिवंत पक्षी न दुखावता पकडण्यासाठी याच लोकांचे कसब कामी आले.

पण कायद्याने कोणाला शिकारी म्हटले आणि कोणाला गुन्हेगार? शिकारीच्या पक्ष्यांवर तीन जाडजूड खंडांत लिहिणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम पक्षिशास्त्राचे आचार्य ठरले, पुढे काँग्रेसचे संस्थापकही झाले. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि त्याखाली पारध्यांसारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो पुसला गेला असे म्हणतात. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. कायदा आवश्यक होता, याबद्दल माझा वाद नाही. पण एका दिवसात चार हजार पक्षी मारणाऱ्यांना त्याने इतिहासात जमा केले आणि चार तितर धरणाऱ्याला तुरुंगात. ज्यांनी दोन टन पक्षी मारले त्यांच्यावर कधी खटला झाला नाही. त्यांच्या नावाचा दगड उभा राहिला.

७

भरतपूरची पुढची कथा थोडक्यात सांगतो. १९५६ साली घाना पक्ष्यांचे अभयारण्य झाला, तरी महाराजांचा शिकारीचा हक्क काही वर्षे चालू राहिला. १९८१ साली तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला, लगेच राष्ट्रीय उद्यान झाला, आणि १९८५ साली जागतिक वारसा ठरला. उद्यान होताच भोवतालच्या गावांची गुरे आत चारायला बंदी झाली. पिढ्यान् पिढ्या चराईवर जगणाऱ्या लोकांना पर्याय दिला गेला नाही. १९८२ च्या नोव्हेंबरात गावकरी आणि पोलीस यांच्यात चकमक होऊन गोळीबार झाला आणि माणसे मेली. पुढे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासातून निघाले की म्हशींची चराई थांबल्यामुळे पाण्यात गवत माजले आणि पाणथळीचेच नुकसान झाले. म्हणजे गुराखी पक्ष्यांचा शत्रू नव्हता. पण हे कळेपर्यंत माणसे मरून गेली होती.

त्याच १९८२ सालच्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात निकाल दिला. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हीसुद्धा तेविसाव्या कलमाखालची सक्तीची मजुरीच आहे, असे त्या निकालाने ठरवले. भुकेची सक्ती ही सक्तीच, हे न्यायालयाने मान्य केले. चिखलात उभ्या राहिलेल्या माणसांमुळे जे कलम जिवंत शब्दांनी भरले गेले होते, त्याचा अर्थ चौतीस वर्षांनी आणखी रुंद झाला. आणि त्याच भरतपूर जिल्ह्यात कुम्हेर येथे १९९२ च्या जूनमध्ये जाटवांच्या वस्तीवर हल्ला होऊन डझनाहून अधिक माणसे मारली गेली. घटनेचे कलम आणि गावातली हवा यांच्यातले अंतर किती, हे मोजायला याहून वेगळा दाखला नको.

८

काही पर्यावरणवादी मित्र म्हणतात, राजांनी शिकारीसाठी का होईना, पाणी राखले म्हणून आज पक्षी आहेत. यात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. शिकारीची राखीव जागा नसती तर घान्याची कधीच शेते झाली असती. पण हे श्रेय वाटताना पूर्ण वाटा. बांध राजाच्या हुकमाने झाला असेल. माती कोणी वाहिली? पाट खणले कोणी? दरवाजे उघडायला आणि लावायला रात्री पाण्यात कोण उतरले? राखण्याचे श्रेय हुकूम देणाऱ्याला आणि राबण्याची आठवण कोणालाच नाही, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

दुसरे असे की आज लिनलिथगोच्या त्या दिवसावर जे लिहिले जाते त्यात पक्ष्यांची हळहळ असते. ४,२७३ हा आकडा वाचून वाचक चुकचुकतो. मीही चुकचुकतो. पण पक्ष्याविषयी करुणा वाटावी आणि त्या पक्ष्याला पाण्यातून काढणाऱ्या गारठलेल्या माणसाविषयी प्रश्नसुद्धा पडू नये, ही करुणा अर्धी आहे. बुद्धाच्या करुणेत असा अर्धेपणा नव्हता.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. आपल्या भागात एखाद्या संस्थानिकाचा शिकारवाडा असेल, एखाद्या साहेबाच्या मुक्कामाचा बंगला असेल, एखाद्या तळ्याकाठी शिकारीचे ओटे असतील. तिथे जा. भिंतीवरची शिंगे आणि छायाचित्रे पाहा. छायाचित्रात साहेबाच्या पायाशी मेलेले जनावर असते आणि कडेला, चौकटीच्या टोकाशी, अर्धवट कापली गेलेली माणसे असतात. त्यांची नावे विचारा. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, कोणाच्या आजाने बोजा वाहिला, कोण हाकाऱ्यात गेला आणि परत आला नाही, काय दिले, किती वेळ उभे केले. लिहून घ्या. गाव, साल, माणसाचे नाव, कामाचे नाव. राजांच्या याद्या तयारच आहेत. त्यात आपल्याला भर घालायची नाही. आपल्याला आपली यादी करायची आहे.

घटना समितीत एका माणसाने ती यादी एका उदाहरणाने सुरू केली होती. म्हातारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. जे काम आपण या पाचदहा वर्षांत करणार नाही, ते नंतर कोणालाही करता येणार नाही.